आधीचे विषय वाया घालवू नका

बाबांची बदली लखनौला झाली आणि मुलीचं कॉम्प्युटरचं शिक्षण अर्धवट राहिलं, असं तुमच्याकडे झालंय का? तिथे छावणीजवळ तेलीबागेत, वृंदावन योजनेत, इग्नूचं प्रादेशिक केंद्र आहे. इग्नूचा बीसीए घरबसल्या ऑनलाइन करता येतो, तोही खासगी कॉलेजच्या मानाने बराच स्वस्तात.

आधी उत्तीर्ण केलेल्या विषयांचं काय? 2021 मध्ये सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जुन्या कॉलेजने नोंदवलेली क्रेडिट्स 7 वर्षांपर्यंत टिकतात. पण क्रेडिट्स जमा आहेत म्हणजे नवं विद्यापीठ ती धरेलच, असं नाही! बरेच जण इथेच फसतात. म्हणून पैसे भरण्याआधी गुणपत्रिका आणि जुना अभ्यासक्रम दाखवा, कोणते विषय माफ होतील ते लेखी मागा.