गाठीभोवतीची मातीही प्रयोगशाळेत

कर्करोगावरचे एखादे नवे औषध प्रयोगशाळेतल्या बशीत कर्कपेशींचा फडशा पाडते. रुग्णाच्या शरीरात मात्र त्याचा उपयोग होत नाही. संशोधकांना हा अनुभव वारंवार येतो. याचे एक कारण त्या बशीतच दडलेले आहे.

बशीत पेशी कडक प्लास्टिकवर सपाट थरात वाढतात. प्रत्येकीला ऑक्सिजन, अन्न आणि औषध जवळपास सारखेच मिळते. शरीरातली गाठ अशी नसते. तिच्यात कर्कपेशींसोबत रक्तवाहिन्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे असते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे जाळे इतके दाट होते, की रक्तवाहिन्या दबतात आणि औषध आतपर्यंत नीट पोहोचत नाही.

ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच याकडे लक्ष वेधले होते. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्यावर त्यांना दिसले, की हा रोग ठरावीक अवयवांतच अधिक पसरतो. बी योग्य मातीतच रुजते, असे त्यांनी मांडले. अमेरिकेत मीना बिसेल यांच्या गटाने १९९७ मध्ये त्याचा ठोस पुरावा दिला. मऊ जेलमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कर्कपेशींना परिसराचे संदेश देणारा एक दुवा त्यांनी रोखला. जनुकांतले दोष तसेच राहिले, तरी पेशी निरोगी पेशींसारख्या शिस्तीत मांडल्या गेल्या.

आता रुग्णाच्या गाठीचा छोटा तुकडा घेऊन अशाच जेलमध्ये तिची सूक्ष्म प्रतिकृती वाढवता येते. तिला ‘ऑर्गनॉइड’ म्हणतात. लंडनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पचनसंस्थेच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगांवर हा प्रयोग केला. प्रतिकृतीवर निष्प्रभ ठरलेले औषध त्या रुग्णांवरही निष्प्रभच ठरले. प्रभावी ठरलेले औषध ८८ टक्के वेळा रुग्णालाही लागू पडले. रुग्णसंख्या लहान होती; पण निरुपयोगी केमोथेरपीचा त्रास आधीच टाळता येईल, ही आशा त्यातून बळावली.

अडचणी अजून आहेत. साध्या ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशीही नसतात. त्यामुळे इम्युनोथेरपीची औषधे त्यावर नीट पारखता येत नाहीत. यासाठी बारीक नलिका कोरलेल्या, द्रव वाहता ठेवणाऱ्या चिप तयार होत आहेत. शिवाय प्रतिकृती वाढायला बहुधा काही आठवडे लागतात आणि काही नमुने वाढतच नाहीत. तोवर उपचारासाठी थांबणे प्रत्येक रुग्णाला परवडत नाही. म्हणूनच ही चाचणी अद्याप नेहमीच्या उपचारांचा भाग झालेली नाही.