एकगठ्ठा तिकिटं

१९ ऑक्टोबर १८९०, रविवार. बर्लिनच्या पूर्व भागातल्या ओस्टएंड थिएटरात इब्सेनच्या ‘समाजाचे आधारस्तंभ’ या नाटकाचा प्रयोग झाला. नाटक जुनंच होतं, थिएटरही भाड्याचं. नवे होते ते प्रेक्षक. एका मंडळाचे सभासद असल्याशिवाय कुणालाही आत प्रवेश नव्हता, आणि सभासद होते ते मुख्यतः कामगार आणि कारागीर. मंडळाचं नाव ‘फ्राइए फोल्क्सब्यूने’, म्हणजे मुक्त लोकरंगभूमी.

या मंडळाची एक रीत पुढे फार गाजली. नाट्यगृहाच्या दारात एक मोठं भांडं ठेवलेलं असे. आत येणाऱ्यानं त्यात हात घालायचा, एक चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीवर असेल त्या खुर्चीत जाऊन बसायचं. आज गवंड्याला पहिली रांग मिळाली, तर पुढच्या खेपेला तोच शेवटच्या रांगेत. वर्गणी सगळ्यांची सारखी, त्यामुळे चांगल्या खुर्चीवर पैशाच्या जोरावर हक्क सांगायची सोयच नव्हती.

या मंडळाची कल्पना ब्रूनो विले या तरुण लेखकाची. १८९० च्या मार्चमध्ये त्यानं समाजवाद्यांच्या ‘बर्लिनर फोल्क्सब्लाट’ या वर्तमानपत्रात एक आवाहन छापलं. कामगाराला नाटक का बघता येत नाही, याची त्याच्या लेखी दोन कारणं होती. एक, तिकिटं परवडत नाहीत. दुसरं, बघण्यासारखी जी नवी नाटकं आहेत त्यांना पोलीस परवानगी देत नाहीत. जर्मनीत तेव्हा जाहीर प्रयोगाआधी संहिता पोलिसांकडून तपासून घ्यावी लागे. मात्र खासगी मंडळानं आपल्याच सभासदांपुरता प्रयोग केला, तर तो जाहीर ठरत नसे. आदल्याच वर्षी ‘फ्राइए ब्यूने’ नावाच्या एका मंडळानं हीच पळवाट काढून इब्सेन आणि हाउप्टमान रंगमंचावर आणले होते. पण ते मंडळ खिसा भरलेल्यांचं होतं. विलेनं ती युक्ती उचलली आणि वर्गणी कामगाराच्या आवाक्यात आणून ठेवली.

हिशेब साधा होता. रविवारी दुपारी बरीच नाट्यगृहं रिकामी असत. त्या वेळेपुरती ती भाड्यानं घ्यायची. सभासदांचे गट पाडायचे आणि एकाच नाटकाचे तितके प्रयोग लावायचे. कोणता गट कोणत्या रविवारी येणार हे आधी ठरलेलं, त्यामुळे एकही खुर्ची मोकळी राहायची धास्ती नाही. नाटकधंद्यात प्रत्येक निर्मात्याचा जीव तिकीटखिडकीपाशी टांगलेला असतो. इथे खिडकीच नव्हती. पडदा उघडण्यापूर्वीच पैसे जमा झालेले असत.

घरात पैसा आला की भांडणंही येतात. नाटक कामगाराच्या राजकीय शिक्षणासाठी आहे की कलेच्या आनंदासाठी, यावरून मंडळात जुंपली. १८९२ मध्ये विले बाहेर पडला आणि त्यानं ‘नोए फ्राइए फोल्क्सब्यूने’ हे नवं मंडळ काढलं. जुन्या मंडळाची सूत्रं समाजवादी पत्रकार फ्रान्झ मेहरिंगकडे गेली. पुढच्या वर्षी दोन्ही मंडळांनी हाउप्टमानचं ‘विणकर’ आपापल्या सभासदांना दाखवलं. सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावरचं हे नाटक जाहीर रंगमंचावर यायला १८९४ साल उजाडलं. तेव्हाही कैसर विल्हेल्मनं डॉइचेस थिएटरमधला आपला राखीव बॉक्स रागानं सोडून दिला. पोलिसांना सभासदांची पळवाट फार काळ सहन झाली नाही. ‘तुमचे प्रयोग जाहीरच आहेत, संहिता दाखवा’ असा तगादा लागला, तेव्हा जुन्या मंडळानं १८९६ मध्ये स्वतःचं विसर्जन करणं पसंत केलं. वर्षभरात ते पुन्हा उभं राहिलं.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सभासद झपाट्यानं वाढले आणि भाड्याची नाट्यगृहं पुरेनाशी झाली. मग दोन्ही मंडळं पुन्हा जवळ आली आणि स्वतःचं नाट्यगृह बांधायचं ठरलं. पैसा कुठून आला? महापालिकेचं कर्ज मिळालं, पण मूळ भांडवल सभासदांच्या नाण्यांचं. दहा फेनिगच्या नाण्याला जर्मनीत ‘ग्रोशन’ म्हणत, आणि ही वास्तू ‘कामगारांच्या ग्रोशनमधून’ उभी राहिली असं तिथे आजही सांगतात. वास्तुविशारद ओस्कार काउफमान यांनी आतला प्रेक्षागार महोगनी लाकडानं मढवला. जवळजवळ दोन हजार खुर्च्या होत्या. दर्शनी भिंतीवर अक्षरं होती: ‘कला लोकांसाठी’. ३० डिसेंबर १९१४ रोजी नाट्यगृहाचं उद्घाटन झालं, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने उलटले होते.

नाटकवेड्या मंडळींनी गटागटानं नाटकाला जायचं, त्या जाण्यातूनच पैसा साठवायचा आणि त्यातून रंगमंच उभा करायचा, याचं इतकं भव्य उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण. पण पैसा एकगठ्ठा आला की मालकीही एकगठ्ठा येते. एर्विन पिस्काटर या दिग्दर्शकाला त्याचा अनुभव आला.

१९२४ पासून पिस्काटर या नाट्यगृहात, म्हणजे फोल्क्सब्यूनेत, नाटकं बसवत होता. रंगमंचावर चित्रफिती, प्रक्षेपित मजकूर, यंत्रं असं बरंच काही तो आणत असे. १९२७ मध्ये ‘गॉटलंडवर वादळ’ या ऐतिहासिक नाटकाला त्यानं फिल्मची जोड देऊन ते थेट रशियन क्रांतीपर्यंत नेऊन भिडवलं. संस्थेच्या कार्यकारिणीला ते झेपलं नाही. आमची संस्था सर्व मतांच्या सभासदांची आहे, अशी भूमिका घेऊन कार्यकारिणीनं फिल्म कापली. पिस्काटर बाहेर पडला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं नोलेनडोर्फप्लाट्झवर स्वतःची रंगभूमी सुरू केली. मजा अशी, की त्याच्या बाजूनं उभे राहिलेले सभासद, विशेषतः तरुण, आपले स्वतंत्र गट करून त्याच्या नाटकांना जाऊ लागले. म्हणजे दिग्दर्शक संस्थेबाहेर आणि संस्थेचे प्रेक्षक त्याच्या नाट्यगृहात! हे प्रेक्षक सवलतीच्या दरात येत, नाटकांचा खर्च मात्र अफाट. १९२८ च्या उन्हाळ्यात पिस्काटरच्या रंगभूमीला कुलूप लागलं.

फोल्क्सब्यूनेच्या सुरुवातीच्या काळातच अटलांटिकपलीकडे, न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीवर, हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडत होती. पूर्व युरोपातून आलेले लाखो ज्यू लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीत राहत होते, कपड्यांच्या कारखान्यांत राबत होते आणि नाटकावर जीव टाकत होते. हचिन्स हॅपगुड या पत्रकारानं १९०२ मधल्या ‘द स्पिरिट ऑफ द गेटो’ या पुस्तकात तिथला आठवडा वर्णन केला आहे. शुक्रवार ते रविवार नाट्यगृह आपल्या मर्जीचं नाटक लावी आणि खिडकीवर तिकिटं विकी. सोमवार ते गुरुवार मात्र प्रयोग आधीच कुणीतरी घेतलेला असे: कुठलंसं कामगार मंडळ, एकाच गावाहून आलेल्यांचा संघ, एखादी धर्मादाय संस्था.

अशा संध्याकाळीला म्हणत ‘बेनिफिट’. मंडळ अख्खा प्रयोग सवलतीत विकत घेई, सभासदांना आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांना पूर्ण दरानं तिकिटं विकी आणि मधला फरक आपल्या कामाला लावी. त्यातून संपकऱ्यांच्या घरी चूल पेटे, आजाऱ्याचं औषध येई, कुणाच्या दफनाचा खर्च निघे. नाट्यगृहाचा फायदा असा, की आठवड्यातले ओस पडणारे चार दिवस भरून जात. किंमतही होती. नाटक कोणतं हे बऱ्याचदा मंडळ ठरवी, आणि मंडळांना लागे ते रडवणारं, हसवणारं, गाणी असलेलं, सगळ्यांना माहीत असलेलं. नवं काही करून पाहणाऱ्याला शुक्रवार ते रविवार एवढ्यावरच भागवावं लागे.

ही पद्धत पुढे ब्रॉडवेवरही रुजली. तिथे तिला ‘थिएटर पार्टी’ म्हणतात. रुग्णालयाची मदत समिती किंवा शाळेचं पालकमंडळ एका संध्याकाळच्या शेकडो खुर्च्या कित्येक महिने आधी उचलतं आणि देणगी मिळवून चढ्या दरानं विकतं. नाटक तेव्हा अजून लोकांसमोर आलेलंही नसतं. खरेदी होते ती कथेच्या आणि नटाच्या नावावर. १९५८ मध्ये आलेल्या ‘द वर्ल्ड ऑफ सूझी वाँग’ला समीक्षकांनी झोडपलं, पण तिकिटं गटागटानं आधीच विकली गेली होती. नाटक तरलं आणि पाचशेहून अधिक प्रयोग करून थांबलं. अमेरिकेतल्या लहान गावांतल्या हौशी नाट्यसंस्था हेच गणित बसमधून फिरवतात. तिकीट, प्रवास आणि जेवण यांचा एक दर ठरवायचा, त्यात संस्थेसाठी थोडी रक्कम धरायची आणि चाळीस-पन्नास जणांना शहरातलं नाटक दाखवून आणायचं. परतीच्या वाटेवर पुढच्या सहलीची नावंही नोंदवली जातात.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श या एरवी एकमेकींशी चढाओढ करणाऱ्या कंपन्या. त्या दिवशी त्या एकत्र आल्या: नायिका भामिनी बालगंधर्वांची आणि नायक धैर्यधर केशवरावांचा. तिकिटांचे दर चढे असूनही थिएटर तुडुंब भरलं, कारण पैसा कुठे जाणार हे माहीत होतं आणि असा योग पुन्हा येईल याची खात्री नव्हती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले.

ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांच्यासारख्या कलावंतांनी आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ महाराष्ट्रभर केलं, ते सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यासाठी. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना निधीच्या व्याजातून दरमहा मानधन द्यायचं, अशी ती योजना. नाटक जुनं, हमखास हशा वसूल करणारं; त्यामुळे गावोगावच्या कार्यकर्त्यांना तिकिटं खपवणं सोपं गेलं.

या मोठ्या प्रयोगांच्या मागे रोजचं, बिननावाचं जग आहे. शिक्षकांची पतपेढी, रोटरी क्लब, गावचं गणेश मंडळ, अमेरिकेतलं एखादं महाराष्ट्र मंडळ ठरावीक रकमेला प्रयोग घेतं. त्याला ‘कॉन्ट्रॅक्ट शो’ म्हणायचं. निर्मात्याला गल्ल्याची चिंता नाही, नटांच्या ‘नाइट’, म्हणजे प्रयोगाची मानधनं, सुटतात, ट्रकचं भाडं निघतं. मंडळाच्या कार्यकर्त्याला मात्र पुढचे पंधरा दिवस ओळखीचा माणूस दिसला की खिशातून तिकीटबुक काढावं लागतं. हौशी संस्थांत तर हे काम नटाच्याच अंगावर येतं. एकांकिकेत दोन वाक्यं असलेल्या पोराला वीस तिकिटं खपवायची असतात, आणि त्याची आत्या, शेजारी, क्लासचे सर असे सगळे रांगेत बसून त्याच दोन वाक्यांची वाट बघत असतात. ज्यांच्या गळ्यात तिकीट मारलं त्यांना नाटक आवडेलच असं नाही. पण त्यांतलाच एखादा पुढच्या वेळी स्वतःहून खिडकीवर येतो, आणि संस्थेची सभासद यादी अशीच वाढत जाते.

या प्रयोगांमध्ये नाटक निवडताना विनोदी, कौटुंबिक आणि दोन ओळखीचे चेहरे असलेलं आधी विचारलं जातं. न्यूयॉर्कच्या सोमवार ते गुरुवारचंच हे मराठी रूप. प्रायोगिक संस्थांना कॉन्ट्रॅक्ट शो क्वचितच मिळतो, आणि ज्यांना मिळतो त्यांना प्रयोगाआधी ‘फार जड नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

बर्लिनच्या त्या मंडळाचं पुढे काय झालं? नाझी राजवटीत ते आधी ताब्यात घेतलं गेलं आणि १९३९ मध्ये बरखास्त झालं. युद्धात नाट्यगृहाची पडझड झाली. १९५४ मध्ये ते पुन्हा उघडलं, पण पूर्व बर्लिनमध्ये, सरकारी नाट्यगृह म्हणून. पश्चिम बर्लिनमध्ये सभासदांनी संस्था नव्यानं उभी केली आणि १९६३ मध्ये दुसरं नाट्यगृह बांधलं. त्याचा प्रमुख होता छत्तीस वर्षांपूर्वी संस्थेतून बाहेर पडलेला पिस्काटर. जर्मनी एक झाल्यावर सरकारी अनुदान थांबलं, आणि ही वास्तूही हातातून गेली. आज तिथे बर्लिन महोत्सवाचं मुख्यालय आहे.

संस्था मात्र चालू आहे. तिचं आताचं नाव ‘कुल्टुअरफोल्क’. तिच्याकडे रंगमंच नाही, नटसंच नाही. शहरातल्या नाट्यगृहांची आणि संगीतसभांची तिकिटं ती सभासदांना सवलतीत मिळवून देते. त्यात अधूनमधून रोझा लुक्सेम्बुर्ग चौकातल्या त्या जुन्या घराची, म्हणजे १९१४ च्या नाट्यगृहाचीही तिकिटं असतात.