जर्मनीत नवीन आलात? आधी कुठला विमा घ्यायचा

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. माझे "अं..." आणि "म्हणजे काय ना" तेवढे काढून टाकलेत.

जर्मनीत येऊन मला चार महिने झाले होते. दिवाळी तोंडावर आलेली, म्हणून शनिवारी बाथरूम धुवायला काढली. आपल्या पद्धतीने, बादलीने पाणी ओतून. इथल्या बऱ्याच बाथरूममध्ये जमिनीला पाणी जायची जाळीच नसते. माहीत होतं हो मला, पण लक्षात कुठे होतं? अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्या छतातून पाणी टपकत होतं. आजी ओरडल्या नाहीत, शांतपणे एवढंच विचारलं, "तुमचा हाफ्टफ्लिष्ट आहे ना?"

नव्हता. माझ्याकडे फोनचा विमा होता, दातांचा होता. कारण ते विकायला कुणीतरी आलं होतं. छत, रंग आणि लाकडी फरशी मिळून २,८०० युरो गेले, आणि त्या डिसेंबरचं घरी जायचं तिकीट रद्द झालं.

तर हाफ्टफ्लिष्ट म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. आपल्याकडे, गाडीचा थर्ड पार्टी सोडला तर, असा विमा घरात कुणी काढत नाही, म्हणून तो डोक्यातच येत नाही. पण इथल्या दिवाणी कायद्याचं कलम ८२३ सांगतं की निष्काळजीपणाने कुणाच्या शरीराचं किंवा मालमत्तेचं नुकसान केलंत तर भरपाई तुम्हीच द्यायची. आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. छताचं सोडा. सायकलवरून जाताना तुमच्या चुकीने कुणी पडलं आणि कायमचं अपंग झालं, तर उपचार आणि बुडालेली कमाई दोन्ही तुमच्या डोक्यावर. एकट्या माणसाला हा विमा साधारण ५० ते ८० युरोत मिळतो. महिन्याला नाही, वर्षाला! घेताना बघा: किमान १ कोटी युरोचं संरक्षण, भाड्याच्या घराचं नुकसान आणि हरवलेली किल्ली. किल्ली का? कारण इथे बऱ्याच इमारतींत एकाच किल्लीने खालचा दरवाजाही उघडतो. ती हरवली आणि सगळी कुलुपं बदलायची वेळ आली तर बिल हजारांत जातं. लहान मुलं असतील तर अजून एक गोष्ट. सात वर्षांखालचं मूल कायद्याने जबाबदार धरलं जात नाही, त्यामुळे त्याने शेजाऱ्याचा टीव्ही फोडला तर कंपनी हात वर करू शकते. हे नुकसान भरून देणारं कलम वेगळं असतं, ते आहे का ते विचारा.

आता आरोग्य विमा. हा सक्तीचाच आहे, त्यामुळे घ्यायचा की नाही हा प्रश्न नाही. प्रश्न आहे "सरकारी" की खाजगी. (सरकारी आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात तो वेगवेगळ्या क्रांकनकासं चालवतात, आणि त्यांच्या बहुतेक सुविधा कायद्यानेच ठरलेल्या असल्यामुळे सारख्याच असतात. त्यातली कुठली निवडायची यावर आठवडा घालवू नका.) पगार एका मर्यादेच्या वर असेल तरच नोकरदाराला खाजगीत जाता येतं, २०२५ साली ती वर्षाला ७३,८०० युरो होती. पगार त्याच्यावर गेला की फोन सुरू होतात. मलाही एका कार्यक्रमात आपलाच एक माणूस भेटला. म्हणाला, "अरे भावा, तू तरुण, धडधाकट. महिन्याला दीडशे युरो वाचतील." हिशोब खोटा नव्हता, अर्धा होता. खाजगीत हप्ता तुमच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो, आणि प्रत्येक माणसाचा वेगळा. सरकारीत तो पगाराच्या टक्क्यात: मूळ १४.६ टक्के आणि वर कासंचा जादा दर, निम्मा कंपनी भरते. आणि कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात, फुकट.

माझं तेव्हा लग्न ठरलं होतं. बायको येऊन आधी भाषा शिकणार, मग नोकरी शोधणार. म्हणजे ते दीडशे युरो तिच्या वेगळ्या हप्त्यात गेले असते, वर अजून घालावे लागले असते. शिवाय परतीची वाट अरुंद आहे. पगार मर्यादेखाली आला तर सरकारीत परत येता येतं, पण ५५ वर्षांनंतर ते दार जवळपास बंदच. खाजगी वाईट असं मी म्हणत नाही. एकटं राहायचं नक्की असेल, कमाई चांगली असेल तर जमूही शकतं. फक्त सल्ला देणाऱ्याला कमिशन कुठून मिळतं ते आधी विचारा. निष्पक्ष सल्ला हवा असेल तर फरब्राउखरत्सेंट्राले, म्हणजे ग्राहक केंद्र, थोडी फी घेऊन देतं. आणि सही करून बसलाच असाल, तर कागदपत्रं मिळाल्यापासून साधारण १४ दिवसांत करार मागे घेता येतो.

तिसरा विमा लोक टाळतात: आजारपणामुळे आपला पेशाच करता आला नाही तर दरमहा पैसे देणारा, बेरुफ्सउनफेइशकाइट. (नाव पाठ करू नका, बेऊ म्हटलं तरी कळतं.) इथली सरकारी अपंगत्व पेन्शन मिळायला साधारणपणे पाच वर्षं वर्गणी भरलेली लागते, म्हणजे नव्याने आलेल्याला बहुधा काहीच नाही. हा महाग आहे, आणि अर्जात जुनी पाठदुखी, थेरपी, सगळं खरं लिहावं लागतं. लपवलंत तर नेमके पैसे मागायच्या वेळी ते बाहेर येतं. चार-पाच वर्षं तरी राहायचा विचार असेल तर तिशीच्या आत बघा. वर्षभरात परत जायचं असेल तर राहू द्या.

घरातल्या सामानाचा विमा? आयकियाचं टेबल आणि दोन गाद्या असतील तर नंतर. फोनचा? नकोच. आई-बाबा येणार असतील तर शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवासी विमा लागतोच, पण आधीपासूनच्या बीपी-शुगरबद्दल त्यात काय लिहिलंय ते बुकिंग करण्याआधी वाचा. आणि पाहुण्यांच्या हातून झालेलं नुकसान तुमच्या हाफ्टफ्लिष्टमध्ये येतं का, हेही कंपनीला मेल करून विचारा. मी विचारलंय. माझी आई पुढच्या महिन्यात येतेय, आणि उत्तर येईपर्यंत बादली तळघरात ठेवली आहे.

प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!