रमचा रंग नको, चव बघा

रम म्हटलं की आपल्याला आठवते डिसेंबरची थंडी, ग्लासात कोमट पाणी आणि १९५४ पासून मिळणारी ओल्ड मंक. पण रमचं माहेर आहे कॅरिबियन बेटांवरचे उसाचे मळे. तिथे बारा महिने उकाडा! त्यामुळे ऐन मे महिन्यात रमबद्दल बोलणं मुळीच चुकीचं नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. 'जेवढी काळी, तेवढी जुनी' असं मीही बरीच वर्षं मानत होतो. खरी गोष्ट अशी की, उसाचा रस किंवा साखर कारखान्यातली मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून काढलेली रम पाण्यासारखी स्वच्छ असते. तिला रंग येतो तो ओकच्या पिंपातून, नाहीतर वरून घातलेल्या कॅरॅमलमधून. उलट बकार्डीची पांढरी रम पिंपात मुरवलेली असते आणि नंतर कोळशातून गाळून तिचा रंग काढतात. म्हणजे पांढरी रम मुरलेली असू शकते आणि काळी अगदी कोवळी!

मग मुरल्यावर होतं काय? पिंप बहुधा आतून जाळलेलं असतं. त्या लाकडातून व्हॅनिला, सुका मेवा, मसाला अशा चवी रममध्ये उतरतात. शिवाय दरवर्षी थोडी रम उडून जाते. स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडते. उष्ण प्रदेशात हे प्रमाण कितीतरी जास्त. म्हणून तिथे रम लवकर मुरते.

बाटलीवरच्या आकड्यालाही भुलू नका. जमैका आणि बार्बाडोसच्या रमवर मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या रमचं वय लिहितात. ग्वाटेमालाच्या 'झकापा २३' मध्ये मात्र ६ ते २३ वर्षांच्या रम एकत्र असतात.

आता हे चवीने ओळखायचं कसं? त्यासाठी एकच कॉकटेल पुरे : डाकिरी. क्यूबातल्या सँटियागोजवळच्या एका गावाचं हे नाव. ४५ मिली रम, २० मिली लिंबाचा रस आणि १५ मिली साखरेचा पाक घ्या. पाकात साखर आणि पाणी समप्रमाणात. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालेल. भरपूर बर्फ घालून १०-१२ सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या.

हे कॉकटेल आधी पांढऱ्या रमचं करा. लिंबू पुढे येईल, रम मागे राहील. दुसऱ्या दिवशी तेच माप ठेवून मुरलेली रम घ्या. आता लिंबाच्या मागून लाकूड आणि व्हॅनिला डोकावेल. माप तेच, बदलली फक्त रम. त्यामुळे फरक जिभेला नेमका कळतो. मुरलेली रम आवडली तर पुढच्या वेळी ती नारळपाणी आणि लिंबाच्या चार थेंबांबरोबर घेऊन बघा.

आता फ्लेवर्ड रम. दालचिनी, लवंग, व्हॅनिला घातलेली ती स्पाइस्ड. नारळाची मलिबू मात्र खरं तर रमपासून केलेलं लिक्युअर आहे : गोड, आणि अल्कोहोल २१ टक्के. आपल्याकडच्या साध्या रममध्ये ते बहुधा ४२.८ टक्के असतं. म्हणून मलिबूबरोबर पाक घालू नका. लिंबू, सोडा, बर्फ एवढंच पुरे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गोड, गार पेय घोटाघोटाने कधी संपतं ते कळत नाही. साध्या रमच्या ४५ मिलीमध्ये सुमारे १९ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरपेक्षा थोडं जास्तच. त्यात दारूमुळे लघवी वाढते आणि उन्हाळ्यात शरीर आधीच सुकलेलं असतं. म्हणून अंदाजाने ओतू नका, मापानेच घ्या. सोबत पाणी प्या, पोटात काहीतरी असू द्या आणि गाडीला हात लावू नका.

कायदाही राज्याप्रमाणे बदलतो. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रात रमसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. आणि जे पीत नाहीत, त्यांनी हे ऐकून सुरुवात करायची अजिबात गरज नाही. नारळपाणी, लिंबू आणि बर्फ, रमशिवायही झकास लागतं!

भेटू पुढच्या भागात.