गोफण, खांदा आणि चेंडूचा वेग

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीच्या परिसरात आज सोयाबीन, तूर आणि कापूस दिसतो. ज्वारीचे रान मोठे होते, तेव्हा कणसांवर उतरणारी पाखरे हाकलायला मचाणावरून गोफण फिरे. तिचे तत्त्व सोपे आहे. दोरीमुळे हात जणू लांब होतो आणि टोकाचा दगड अधिक वेगाने सुटतो. पण मुरलेला गोफणवाला नुसत्या मनगटावर अवलंबून राहत नाही. तो पाय रोवतो, कमरेतून वळतो, मग हात येतो. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा ‘पिचर’ हेच करतो. दोरीचे काम मात्र त्याचे शरीर करते.

पिचर आपल्या उंचीच्या सुमारे ८० टक्के लांबीचे पाऊल पुढे टाकतो. ते पाऊल रोवले गेले की पुढे निघालेल्या शरीराला खालून लगाम बसतो आणि गती वर सरकते. आधी कंबर वळते, छाती क्षणभर मागे राहते. मग छाती वळते, हात मागे राहतो. आसुडाच्या मुठीतली गती निमुळत्या टोकाकडे जावी, तसे हे घडते. मागे राहिलेल्या खांद्यातले स्नायू आणि कंडरा रबरासारखे ताणले जातात. ते सुटताच दंड स्वतःभोवती आत वळतो. कसलेल्या पिचरमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंश असतो. खांद्याची ही ‘स्प्रिंग’ माणसाच्या पूर्वजांमध्ये सुमारे २० लाख वर्षांपूर्वी घडली, असे २०१३ साली ‘नेचर’मधील एका शोधनिबंधात मांडले गेले.

ही साखळी खेळाच्या नावावर अवलंबून नाही. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू. त्यांनी बेसबॉल कधी खेळलेला नव्हता. तरी २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर १५ अंशांहून अधिक सरळ करण्याची मुभा नाही. त्याची बरीचशी भरपाई धाव करते. सीमारेषेवरून केलेली फेक मात्र थेट पिचरच्या जातीची असते.

धोका इथेच आहे. पाय आणि कंबर आळसावली की मुलगा वेगाची कसर हाताने भरून काढतो आणि ताण कोपराच्या आतल्या बाजूस येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेला अस्थिबंध दुसऱ्या हातातील कंडरा वापरून नव्याने घडवला. वाढत्या वयात तर अस्थिबंधाआधी हाडाच्या टोकाची कोवळी कूर्चाच दुखावते. म्हणून अमेरिकेत २०१४ च्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीने ९-१० वर्षांच्या मुलांसाठी सामन्याच्या दिवशी ७५, तर ११-१२ वर्षांच्या मुलांसाठी ८५ फेकींची मर्यादा सांगितली. त्यानंतर विश्रांतीचे दिवसही ठरवून दिले.

आपल्या गावातल्या मैदानावर हा हिशेब क्वचितच होतो. ‘जोरात फेक’ म्हणण्याऐवजी ‘पाय रोव, कमरेतून वळ’ म्हणावे. कोपर दुखते म्हणणाऱ्या मुलाला त्या दिवशी थांबवावे. वेग मोजण्याआधी फेकी मोजाव्यात. त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरते.