धंतोलीची वीज राखणारे ब्रेकर

नागपुरात यशवंत स्टेडियमकडून आत शिरलं की धंतोलीत एका रुग्णालयाची पाटी संपते न संपते तोच पुढच्या रुग्णालयाची पाटी सुरू होते. विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही माणसं उपचारांसाठी इथे येतात. अशा वस्तीत लाइट गेली की जनरेटर धडधडू लागतात आणि लोक महावितरणच्या नावाने बोटं मोडतात. पण पलीकडच्या रस्त्यावर लाइट का गेली नाही, हे सहसा कुणी विचारत नाही. सगळी करामत खरं तर तिथेच आहे.

उपकेंद्रात 33 केव्हीची वीज 11 केव्हीवर उतरते आणि फीडरांवाटे शहरात निघते. प्रत्येक फीडरच्या तोंडाशी लोखंडी कपाटात व्हॅक्युम ब्रेकर असतो. त्याच्या बंद बाटलीत हवा नाहीच. दोन संपर्क जेमतेम सेंटीमीटरभर दूर होतात, तेवढ्यात त्यांच्यामध्ये ठिणगीचा जाळ पेटतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या शून्याच्या क्षणी जाळ विझतो आणि निर्वात जागा त्याला पुन्हा पेटू देत नाही. पूर्वी हेच काम तेलाचे ब्रेकर करत, आणि ते तेल सतत तपासावं, बदलावं लागे.

ब्रेकरला हुकूम देतो रिले. सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, फीडरचा प्रचंड प्रवाह 1 किंवा 5 अँपिअरपर्यंत उतरवून त्याला दाखवते. दोष जितका मोठा तितकी सवड कमी: प्रमाण वक्रानुसार, टाइम मल्टिप्लायर 1 असताना, ठरवलेल्या मर्यादेच्या दुप्पट प्रवाहाला सुमारे 10 सेकंद, दहापटीला सुमारे 3. प्रत्यक्षात सेटिंग त्याहून बरंच खाली ठेवतात. दोषाजवळचा रिले आधी सुटावा, मागचा साधारण 0.3 सेकंद थांबावा, असं अंतर राखलेलं असतं. या थांबण्यामुळेच एका गल्लीतल्या केबलचा दोष अख्ख्या उपकेंद्राला अंधारात ढकलत नाही.

उपकेंद्र पाहायची संधी मिळाली तर आधी बॅटरीची खोली पाहा. जवळच शॉर्टसर्किट झालं की एसी व्होल्टेज कोसळतं. तेव्हा ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलला बळ देते ती डीसी बॅटरीच. ती मेलेली असेल तर लाखोंचा ब्रेकर नुसता उभा राहतो. तिथल्या देखभालीला मी सर्वात जास्त मान देतो.

रिले चुकीचं वाचतो तेव्हा काय होतं, हे देशाने 30 आणि 31 जुलै 2012 रोजी पाहिलं. दोन्ही दिवशी सुरुवात बिना–ग्वाल्हेर 400 केव्ही वाहिनीवर झाली. वाहिनीवर दोष नव्हता, भार फार होता. डिस्टन्स रिलेने तो दोष समजून ती तोडली. 31 तारखेला उत्तर, पूर्व आणि ईशान्येकडची 60 कोटींहून अधिक माणसं अंधारात गेली. पश्चिम विभागातला महाराष्ट्र वाचला.

या साखळीचं शेवटचं टोक तुमच्या घरात आहे. साधा एमसीबी 30 अंश तापमान धरून बेतलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात नागपूर 45 अंशांवर गेलं की तो थोडा लवकर पडतो. म्हणून त्याजागी मोठा एमसीबी बसवू नका, किटकॅटमध्ये जाड तार घालू नका. वायर जळण्यापासून वाचते ती योग्य एमसीबीमुळेच. आणि माणसाला झटका बसताच वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल, तर या पावसाळ्याआधी तो बसवून घ्या.