मोटारीच्या दिव्यांची घरच्या घरी सुधारणा

मोटार विकत घेताना मनुष्य तिचा रंग पाहतो, बैठक पाहतो, एका लिटरात ती किती धावते याची दहा ठिकाणी चौकशी करतो. पण तिचे पुढचे दिवे लावून पाहण्याचे फार थोड्यांस सुचते. खरेदी बहुधा दिवसाढवळ्या होते, हे त्याचे एक कारण. दिव्यांची आठवण होते ती पुढे चार-पाच वर्षांनी, एखाद्या रात्री गावाहून परतताना, आणि तीही रस्त्याच्या कडेला विनादिव्याची उभी असलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावर. मग घरी पोहोचताच प्रखर दिवे बसविण्याचा ठराव होतो, घरातील कोणी तरुण मुलगा बाजारातून झगझगीत पांढऱ्या प्रकाशाचे बल्ब आणतो, आणि प्रश्न सुटला असे सर्वांस वाटते.

वस्तुतः तो पुष्कळदा सुटलेला नसतो. आपल्याकडून समोरच्याकडे सरकविलेला असतो. दिव्याची योग्यता तो किती प्रकाश देतो यावर जितकी, त्याहून अधिक तो प्रकाश कोठे पाडतो यावर अवलंबून आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे दिवे सुधारण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे हे सहज उमगते. आणि त्यातील बरेचसे काम सुटीच्या दिवशी, घरच्या अंगणात, थोडक्या खर्चात होण्याजोगे आहे.

दिव्याच्या पोटात काय असते

आपल्याकडील पुष्कळ लहान मोटारींत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्याच्या एकाच काचेत दोन तारा असतात. लांबच्या झोतासाठी ६० वॅटची एक, आणि ज्याला आपण डिपर म्हणतो त्या खालच्या झोतासाठी ५५ वॅटची दुसरी. या दुसऱ्या तारेच्या खाली एक चिमुकली धातूची वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून परतून खाली रस्त्यावर उतरतो. परावर्तकाच्या खालच्या भागावरून उसळून समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता तो प्रकाश ही वाटी अडविते. वाटीची एक बाजू थोडी तिरपी कापलेली असते. त्यामुळे डिपर लावून भिंतीकडे पाहिले तर उजेडाची वरची रेघ उजवीकडे आडवी आणि डावीकडे चढत गेलेली दिसते. उजवीकडून समोरची गाडी येते, तिच्या चालकाच्या डोळ्यांना त्रास होऊ नये. डावीकडे पायी जाणारा माणूस, सायकल, खड्डा, दगड दिसावा, अशी ही योजना आहे.

परावर्तकाचा आकार त्या बारीक तारेची जागा गृहीत धरूनच घडविलेला असतो. तार एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी सारा झोत बिघडतो. आता बाजारात मिळणारे एलईडी बल्ब त्याच खोबणीत बसतात हे खरे. परंतु त्यांत प्रकाश देणाऱ्या चकत्या पट्टीच्या दोन बाजूंना असतात, त्यांची जाडी आणि जागा तारेशी तंतोतंत जुळत नाही. परिणामी ती रेघ पुसट होते, उजेड वर विखुरतो, आणि गाडीपुढील दहा-पंधरा मीटर दिवाळीसारखे उजळून दूरचा रस्ता मात्र पूर्वीइतकाच किंवा पूर्वीहून अधिक काळा राहतो. जवळचा उजेड फार झाला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, आणि दूरचे मंद दिसणारे अगदीच दिसेनासे होते. "केवढा प्रकाश पडला!" असे म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षात कमी पाहत असतो, हा यातला चमत्कार.

एलईडी वाईट असा याचा अर्थ कोणी करू नये. मोटारीत हॅलोजनचे दिवे १९६२ मध्ये, झेनॉनचे १९९१ मध्ये आणि एलईडीचे पुढचे दिवे २००७ मध्ये आले. पण प्रत्येक वेळी त्या त्या प्रकाशासाठी परावर्तक किंवा भिंग निराळे घडविले गेले. जर्मनीने २०२० पासून हॅलोजनच्या जागी काही एलईडी बल्ब बसविण्यास मुभा दिली, तीही एकेका गाडीच्या दिव्यात चाचणी करून, ठराविक गाड्यांपुरती. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर कडक निर्णय दिला आहे. तेव्हा मूळ जातीचा, मूळ वॅटचा, नामांकित कारखान्याचा नवा बल्ब हीच पहिली खरेदी असावी. १०० वॅटच्या बल्बने होल्डर आणि तारा तापून वितळण्याची भीती. निळसर बल्बच्या काचेवरील रंग तर थोडा प्रकाश गिळूनच टाकतो. बल्ब जोडीने बदलावे, आणि बसविताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर जळतो व बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा.

आधी काच, मग वीज

नवा बल्ब आणण्यापूर्वी दिव्याची काच पाहावी. हल्ली ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. कारखान्यात तिच्यावर दिलेला संरक्षक थर उन्हाने झिजतो, मग ती पिवळी व धुरकट होते, आणि प्रकाश पुढे जाण्याऐवजी तेथेच विखुरतो. टूथपेस्टने ती घासण्याचा उपाय पुष्कळांना ठाऊक आहे; त्याने चार दिवस बरे दिसते एवढेच. पक्के काम करावयाचे तर भोवतालच्या रंगाला चिकटपट्टी लावून घ्यावी. पाण्यात भिजविलेला पॉलिश पेपर प्रथम ८०० नंबरचा, नंतर १५००, २००० व ३००० नंबरचा, या क्रमाने फिरवावा. दर वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेल्यावाचून पुढचा कागद घेऊ नये. शेवटी पॉलिश करून अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप द्यावा. हा लेप टाळला तर सारी मेहनत काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते. आतल्या परावर्तकाची चकाकीच गेली असेल तर मात्र घासपुसीचा उपयोग नाही. तो पुसू गेल्यास उरलेला मुलामाही निघतो. अशा वेळी दिवा सबंधच बदलावा.

दुसरी तपासणी विजेच्या दाबाची. हॅलोजन बल्ब याविषयी फार हळवा असतो. दाब दहा टक्क्यांनी घसरला की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टीमीटरने आधी बॅटरीवरचा आणि मग दिव्याच्या होल्डरपाशी दाब मोजावा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि होल्डरपाशी १२.६ भरले, तर बल्बचा काही दोष नाही. बारीक तारा, गंजलेले अर्थिंग आणि झिजलेला स्विच मधल्या मध्ये वीज खात आहेत. कित्येकदा अर्थिंगचा खिळा काढून, गंज घासून, पुन्हा घट्ट बसविल्यानेच दिवे उजळतात.

तेवढ्याने भागले नाही तर रिले बसवावा. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. गाडीच्या बटणातून केवळ अत्यल्प प्रवाह त्याच्या वेटोळ्यास मिळतो, आणि दिव्याचा मोठा प्रवाह बॅटरीतून थेट जातो. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात: ३० वर बॅटरीची तार, ८७ वरून दिव्याकडे जाणारी, ८५ व ८६ या वेटोळ्याच्या बाजू, एकीला जुन्या वायरिंगचा इशारा व दुसरीला अर्थिंग. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात, त्यांस २.५ चौरस मिलिमीटरची तार व १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा, नाहीतर घासलेली तार पेट घेईपर्यंत त्यास कळणारही नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी हे निराळे सांगावयास नको. ज्या नव्या गाड्यांत दिव्यांवर संगणकाची देखरेख असते, त्यांची तार घरी कापू नये; ते काम जाणत्या फिटरकडेच द्यावे.

नेम धरणे

उत्तम बल्ब, निर्मळ काच आणि पुरेशी वीज असूनही नेम चुकला तर सर्व व्यर्थ. सपाट जागी भिंतीसमोर, दिव्यापासून भिंत बरोबर ५ मीटर राहील अशी गाडी उभी करावी. टायरमध्ये हवा योग्य असावी, चालकाच्या जागी कोणी बसावे, आणि झोत वरखाली करण्याची चकती असल्यास ती शून्यावर ठेवावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणावून त्याखाली ५ ते ६ सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावावी. डिपर लावला असता उजेडाची आडवी रेघ त्या पट्टीवर यावयास हवी. तशी नसेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून आणावी. एका वेळी एकच दिवा, दुसरा झाकून.

हा सेंटिमीटरांचा हिशेब क्षुल्लक नव्हे. जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असलेल्या दिव्याचा झोत दर मीटरला एक सेंटिमीटर उतरत गेला तर तो ६५ मीटरवर रस्त्याला टेकतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंदात गाडी २५ मीटर जाते, आणि उभी राहण्यास कोरड्या रस्त्यावर आणखी तितकेच अंतर लागते. एकूण पन्नासच्या आसपास. ताशी ८० ला हीच बेरीज पाऊणशे मीटरांवर जाते. म्हणजे डिपरवर ताशी ८० ने जाणारा मनुष्य आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. ती विनादिव्याची ट्रॉली त्याला दिसते, पण थांबण्याइतकी आधी दिसत नाही. कोणताही बल्ब या गणितातून सुटका करीत नाही. वेग कमी करणे हाच त्यावरचा उपाय.

गणपतीस कोकणात निघताना मागच्या बाकावर तिघे आणि डिकीत सामान भरले म्हणजे गाडीचे नाक वर होते व डिपरही वर चढतो. चकतीवरील आकडा वाढवून झोत तेव्हा खाली आणावा. ती सोय त्यासाठीच आहे.

धुक्यातील दिवे

आंबोलीस किंवा महाबळेश्वरास पावसाळ्यात ज्यांनी गाडी चालविली आहे त्यांना धुके म्हणजे काय ते सांगणे नलगे. तेथे लांबचा झोत लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. कारण धुक्याचे असंख्य जलकण तोच प्रकाश आपल्याकडे परत फेकतात. फॉग लॅम्पची युक्ती अशी की, त्याचा झोत रुंद व आखूड असतो, वरची रेघ करकरीत असते, आणि दिवा बंपरमध्ये खाली बसविलेला असतो. त्यामुळे डोळ्यासमोरच्या धुक्यात प्रकाश थोडाच शिरतो, आणि रस्त्याची कड व मधला पट्टा तेवढा दिसतो. म्हणून तो वर, जाळीसमोर किंवा टपावर बसविण्यात काहीच अर्थ नाही.

पिवळा प्रकाश धुके भेदून जातो असा समज फार जुना आहे. फ्रान्समध्ये तर १९३० नंतरच्या दशकापासून १९९३ पर्यंत पुढचे दिवे पिवळेच असावेत असा कायदा होता. परंतु जलकण प्रकाशलहरींच्या मानाने इतके मोठे असतात की, ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना थोडे सौम्य वाटते एवढेच. दिव्याची जागा आणि रेघ यांचे महत्त्व अधिक. गाडीत फॉग लॅम्पची मूळची जागा असेल तर कारखान्याचाच जोड घ्यावा, वर सांगितल्याप्रमाणे रिले व फ्यूज घालावा, झोत पुढच्या दिव्यांहूनही खाली ठेवावा, आणि धुके विरताच तो बंद करावा. स्वच्छ रात्री तो लावून हिंडणे म्हणजे स्वतःची दूरदृष्टी कमी करून दुसऱ्यास त्रास देणे होय.

शेवटची परीक्षा

आता कोणी म्हणेल की, सगळेच जण डोळे दिपवितात, मग मी एकट्यानेच का जपावे? त्यास उत्तर घरातच आहे. वय वाढते तसा डोळ्यातील भिंगाचा निर्मळपणा घटतो. साठीच्या मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि एकदा दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास त्याला अधिक वेळ लागतो. मुलाने बसविलेल्या दिव्यांचा झोत ज्याच्या डोळ्यांत जातो, तो समोरचा चालक पुष्कळदा कोणाचा तरी वडील असतो. आणि त्या क्षणार्धात त्याला न दिसणारा पादचारी, आषाढात पहाटेच्या अंधारात पंढरीच्या वाटेने चालणारा वारकरी असू शकतो.

आपल्या नियमांतही डोळे न दिपण्याचे माप दिलेले आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंच असलेल्या डोळ्यास त्रास होता कामा नये. काम पुरे झाल्यावर रात्री घरातील वडीलधाऱ्या कोणास विनंती करून बरोबर त्या ठिकाणी, डोळे त्या उंचीवर येतील असे उभे करावे आणि डिपर लावावा. त्यांना डोळ्यांवर हात धरावा लागला, तर स्क्रू पुन्हा फिरवावा.